स्टिरॉइडमुळे झालेला मधुमेह बरा होतो का?

तुम्ही विचारलंय की आईंना संधिवातासाठी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू झाली आणि साखर वाढली, ती गोळ्या संपल्यावर उतरेल का. बऱ्याच जणांची उतरते. स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. औषध थांबलं की हा जोर ओसरतो. पण घरात मधुमेह असेल, वजन जास्त असेल किंवा आधीच एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्क्यांमध्ये असेल, तर मधुमेह कायमचा राहू शकतो. अशांच्या बाबतीत बऱ्याचदा पुढेमागे होण्याची शक्यता होतीच, ते स्टिरॉइडने लवकर उघडं पाडलं, एवढंच.

एक गोष्ट हमखास निसटते. गोळी सकाळी घेतली की साखर दुपारनंतर चढते, पहाटे पुन्हा खाली येते. दादर-परळच्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन येणारे मग निर्धास्त होतात. घरच्या ग्लुकोमीटरवर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी बघा.

साखर वाढली म्हणून गोळी मनाने बंद करू नका! काही आठवडे घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरात तयार होणारं नैसर्गिक स्टिरॉइड, मंदावतं. एकदम थांबवलं तर बीपी पडतं, जिवावरही बेतू शकतं. डोस टप्प्याटप्प्याने डॉक्टरच कमी करतील. त्याबरोबर इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळीही कमी करावी लागते, हे त्यांना आठवणीने विचारा, नाहीतर साखर फार खाली जाते. स्टिरॉइड बंद झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा.