वाऱ्याला वाट ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आराखडा दोन्ही मिळालं. समितीला चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित क्रीडासंकुल हवं आहे, तुझे वरिष्ठ उघड्या गॅलरीवर भागवा म्हणतात, आणि तू दोन्ही नकाशे काढून मधल्यामध्ये अडकली आहेस. ‘बंद की उघडं’ हा प्रश्नच सोडून दे. वारा कुठून येतो आणि कुठून जातो, ते आधी कागदावर काढ. बाकीचं त्यातून ठरेल.

तू गॅलरीत पाण्याचे फवारे दाखवले आहेस. ते खोड. फवारे आणि कूलर नागपूरला चालतात, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी असते, पाणी पटकन उडून जातं. आपल्याकडे रत्नागिरीत मे महिन्यात पारा 33च्या आसपास असतो, विदर्भापेक्षा दहा-बारा अंशांनी कमी, तरी पोरगं दोन चढाया करून आलं की निथळत असतं. हवेतच एवढी ओल, की घाम अंगावरून सुकत नाही. तो सुकवायला हलती हवा लागते. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकात फिफाही नुसत्या पाऱ्यावर गेली नव्हती. ऊन, ओल आणि वारा मिळून काढलेलं तापमान 32 अंशांच्या वर गेलं की खेळाडूंना पाण्यासाठी थांबवायचं, असं ठरलं होतं. म्हणून पुन्हा सांगतो, वाऱ्याला वाट ठेव.

मैदान तू उत्तर-दक्षिण घेतलंस ते ठीक. मावळतीचं ऊन कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. मुख्य गॅलरी पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर प्रेक्षकांची पाठ उन्हाकडे, तेही ठीक. पण समुद्रावरचा वारा त्याच बाजूने येतो, दुपारी, ऐन गरजेच्या वेळी. तुझी गॅलरी म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंत काँक्रीटची सलग भिंत आहे. सावली मिळाली आणि वारा मेला. सगळी मेख इथेच आहे, आणि इथे तू घाई केलीस. गॅलरी खांबांवर उचल, खालून माणूस आरामात चालत जाईल इतकी. पायऱ्यांच्या उभ्या बाजू भरू नकोस, फटी ठेव, म्हणजे बसलेल्याच्या पायांशी हवा खेळेल. शेवटची रांग आणि छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा सोड. पूर्वेची बाजू बुटकी ठेव, कारण आलेला वारा बाहेर पडला नाही तर तो आतही येत नाही. पश्चिमेला सुरूची दाट रांग लावू नकोस, माड लाव. त्यांच्या बुंध्यांमधून वारा जातो.

आता पाऊस. बारमाही वापर म्हणजे उन्हाळाच, असं तू धरलंस. बाई गं, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तोही तिरपा. त्या चार महिन्यांत गवताच्या मैदानाला विश्रांती दे. कबड्डीच्या मैदानाला 13 बाय 10 मीटर लागतात. अशी दोन मैदानं मावतील एवढी एक उंच शेड घे, बाजूंना चिऱ्याची जाळीदार भिंत. समिती म्हणेल, झड आत येईल. येईलच. आपली माणसं पावसाआधी पडवीला झापं बांधतात आणि पाऊस सरला की सोडतात. तसंच कर. नैऋत्येच्या अंगाला काढता-घालता येणारे पडदे ठेव, जून ते सप्टेंबर लावायचे, मग काढून ठेवायचे. चार महिन्यांच्या पावसासाठी आठ महिने भिंत कशाला? छपरावरचं पाणी टाकीत घे. दोन हजार चौरस मीटरच्या छपरावर मोसमात साठ लाख लिटर पडतं. सगळं साठवता येणार नाही, पण एप्रिलमध्ये मैदानावर मारायला टँकर मागवावा लागू नये एवढं तरी साठव.

छपराचे पत्रे नुसत्या जे-हुकांवर, म्हणजे पत्रा अडकवायच्या वाकड्या सळ्यांवर, सोडू नकोस. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा किती छपरं उडाली ते तुला ठाऊक आहे. उघड्या गॅलरीत वारा खालून छपराला उचलतो आणि वरून ओढतो. कैच्या खांबांना आणि खांब पायाला नीट बांधून घे. खाऱ्या हवेत बोल्ट आधी गंजतात, पत्रा नंतर, तेव्हा बोल्टवर पैसे वाचवू नकोस.

समिती कतारचं उदाहरण देईल. 2022 च्या विश्वचषकाच्या आठ मैदानांपैकी सात तिथे थंड केली होती, हे खरं. पण तो विश्वचषक मुळात नोव्हेंबर-डिसेंबरात ढकलला होता, तेही सांग. आठवं मैदान समुद्रालगत, 974 कंटेनर वापरून उभं केलेलं. त्याला वातानुकूलन नव्हतं. तिथले सामने संध्याकाळी सात किंवा त्यानंतर ठेवले आणि हवा मोकळी खेळू दिली. पैशाला कमी नसलेल्या देशानेही एका ठिकाणी वाऱ्यावर भरवसा ठेवला, आणि आपला तालुका विजेचं बिल कशातून भरणार?

मी हे सगळं एका समितीपुढे बोललो होतो. काम माझ्या हातून गेलं. हॉल बंदच बांधला, वातानुकूलन परवडेना म्हणून बंद पडलं, आणि मेच्या सुट्टीत, पोरांना खरा वेळ असतो तेव्हा, आत कोणी पाऊल टाकत नाही. ती पोरं रस्त्यावर खेळताना दिसतात तेव्हा आजही पोटात तुटतं. मला तेव्हा हट्टी म्हणाले, आजही म्हणतात. म्हणोत. सगळे खूश होतील असा मधला नकाशा मी काढला असता, तर काम मिळालं असतं आणि हॉल तसाच भट्टी झाला असता. तूही मधला काढू नकोस. समिती ओरडली तरी पश्चिमेची मोकळी जागा बुजवू देऊ नकोस. बाकी रंग, कमान, कोनशिला, त्यांना हवं ते दे.

मुंबईचं मोठं ऑफिस कसं करतं, हे तू मला विचारलंस. ते मला ठाऊक नाही आणि तुलाही त्याची गरज नाही. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता जागेवर उभी राहा, उदबत्ती लाव, धूर कुठे जातो ते बघ. चारी कोपऱ्यांवर बघ आणि मग गॅलरीचा छेद नव्याने काढ. तो पाठव, बाकीचे नकाशे नंतर पाहीन.