कारखान्यात जा, पण वर्ग सोडू नकोस

बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. महाविद्यालयाने एका विमान कंपनीशी केलेल्या सामंजस्य करारामुळे शेवटच्या वर्षाचे एक सत्र कारखान्यात काढण्याची संधी तुला मिळत आहे, पण त्यासाठी संरचना विश्लेषण आणि कंपनशास्त्र हे दोन ऐच्छिक विषय सोडावे लागतील, तेव्हा काय करावे, असे तू विचारले आहेस. कारखान्यात अवश्य जा, आणि ते दोन विषयही सोडू नकोस, असे माझे मत आहे. दोन्ही कसे साधायचे ते पुढे लिहितोच, पण आधी त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

तू फार चांगल्या वेळी शिकते आहेस. 28 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या बडोद्यात टाटांच्या विमान संकुलाचे उद्घाटन झाले. वायुदलाच्या जुन्या अ‍ॅव्हरो विमानांची जागा घेणाऱ्या 56 सी-295 मालवाहू विमानांपैकी 16 स्पेनमधील सेव्हिल येथून तयार होऊन यायची आणि उरलेली 40 इथे जोडली जायची, अशी ती योजना आहे. त्याआधीच, 2023 मध्ये, ही विमाने बनवणाऱ्या एअरबस या युरोपीय कंपनीने इथल्याच लालबागेतील गतिशक्ती विश्वविद्यालयाशी सामंजस्य करार केला होता. पुढच्या वर्षी त्यात 40 गुणवंत व गरजू विद्यार्थ्यांसाठी संपूर्ण अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती आली आणि त्यातील एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखल्या गेल्या, याचा मला विशेष आनंद वाटतो. हाताने काम शिकवणारे उच्च शिक्षण या शहराला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले तेच मुळी उद्योगाला लागणारी कुशल माणसे इथे घडावीत म्हणून. विमानविद्येतही अशी जोड आपल्याकडे जुनीच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1942 मध्ये विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा तिथे शिकवणाऱ्यांत हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यातले डॉ. वि. मा. घाटगे होते. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाकडे संशोधन करून आलेल्या या कोल्हापूरकडच्या माणसाच्या नेतृत्वाखाली पुढे एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडले आणि 1951 मध्ये ते उडाले. शिकवणारा आणि विमान घडवणारा एकच माणूस असला की विद्यार्थ्याचे केवढे भले होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता कंपनीची बाजू नीट समजून घे. नव्याने रुजू झालेल्या पदवीधराला विमानाच्या कामावर स्वतंत्रपणे उभे करायला बराच काळ लागतो, आणि त्यातला काही भाग महाविद्यालयातच उरकावा, अशी तिची इच्छा असते. ती रास्तच आहे. मात्र कंपनीची गरज तिच्या हातातल्या विमानापुरती असते. बडोद्यातील 40 विमाने ऑगस्ट 2031 पर्यंत पूर्ण व्हायची आहेत, आणि तुझी नोकरी त्यानंतरही तीसेक वर्षे चालेल. तोवर विमान बदलेल, धातूच्या जागी कार्बन तंतूंचे थर येतील, साधने तर ओळखू न येण्याइतकी बदलतील. म्हणून केवळ एका विमानाच्या कामापुरते तयार होणे तुला परवडणारे नाही.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग घडवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे उदाहरण एका भोकाचेच देतो. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे रिव्हेटने, म्हणजे भोकातून घालून ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळीने, जोडायचे असतात. भोक पाडल्यावर पत्रे अलग करून कडेला उरलेली बारीक धारदार कूस, जिला आपण बर म्हणतो, ती काढावी लागते, कारण ती दोन पत्र्यांच्या मध्ये राहिली तर पत्रे नीट टेकत नाहीत आणि पुढे त्याच जागी तडा जाण्याची भीती असते. भोकाचे केंद्र पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर असावे, हा सर्वसाधारण नियम. हे सारे कुशल तंत्रज्ञ तुला कारखान्यात बोटांनी शिकवेल. पाळी संपताना प्रत्येक हत्यार त्याच्या ठरलेल्या जागी परत आले की नाही हे पाहायचे, एखादे सापडले नाही तर काम थांबवायचे, आणि भोक चुकले तर ते न झाकता ताबडतोब नोंदवायचे, ही शिस्तही तिथेच अंगी बाणते. वर्गात ती कितीही सांगितली तरी उतरत नाही.

पण समज, एखादे भोक सरकले आणि अंतर व्यासाच्या 1.7 पटच राहिले. तंत्रज्ञ त्याची नोंद करतो आणि तो कागद अभियंत्याच्या टेबलावर येतो. भाग तसाच वापरायचा, दुरुस्त करायचा की बाद करायचा? त्या जोडावर किती भार येतो, तो किती वेळा उलटसुलट होतो, शेजारचे रिव्हेट त्यातला किती वाटा उचलतील, हे मांडता आल्याशिवाय यापैकी कोणत्याही उत्तराखाली सही करता येत नाही. ती सही करण्यासाठीच तुला अभियंता व्हायचे आहे, आणि नेमके तेच गणित शिकवणारे दोन विषय तू सोडायला निघाली आहेस.

तेव्हा विभागप्रमुखांना भेट. दोन्ही विषय आधीच्या सत्रात घेता येतील का, निदान एकाचे तास शनिवारी ठेवता येतील का, ते विचार. कारखान्यातल्या सत्राची लेखी कार्ययोजना, दोन्ही बाजूंचा एकेक मार्गदर्शक, श्रेयांक आणि विद्यावेतन, एवढे करारात आहे ना, हेही पाहा. नुसती कारखाना-भेट आणि अखेरीस प्रमाणपत्र, एवढाच बेत असेल तर त्यासाठी सत्र घालवू नकोस. बंधपत्रावर सही मागत असतील तर ते घरी आणून आईबाबांसमोर वाच. आणि काहीच जुळले नाही, तरी मार्ग बंद होत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा, पण 1973 च्या दुरुस्तीपासून अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही तो लागू आहे. पदवीनंतर वर्षभराची उमेदवारी विद्यावेतनासह करता येते, आणि तेव्हा कारखान्यात जाताना तू जास्त तयारीची असशील.

विभागप्रमुख काय म्हणतात ते कळव. लेखी अर्ज करावा लागला, तर मसुदा आधी मला दाखव, म्हणजे मी तो पाहून देईन.

तुझा हितचिंतक