जर्मनीला येताय? मग इथलं सणांचं वर्ष आधी समजून घ्या

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: स्टुटगार्टला आल्यावर कुठल्या सणांना सुट्टी असते, आपल्या दिवाळी-गणपतीचं कसं जमवायचं, आणि सात वर्षांच्या थोरलीने व चार वर्षांच्या धाकट्याने इथल्या सणांत भाग घ्यावा का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घ्यावा, आणि पहिल्याच वर्षापासून घ्यावा.

इथले मोठे सण दाराआड साजरे होतात. 24 डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात आणि संध्याकाळी रस्ते ओस पडतात, कारण जो तो आपल्या घरी झाडापाशी बसलेला असतो. मुलांना भेटवस्तू त्याच संध्याकाळी मिळतात. 25 आणि 26 हे नातेवाइकांचे दिवस. नव्याने आलेल्या कुटुंबाला या तीन दिवसांत कुणी घरी बोलावेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यात तुटकपणा नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपणही फारशी ओळख नसलेल्यांना जेवायला बोलावत नाही. पण पहिल्या नाताळात हे फार अंगावर येतं, म्हणून त्याआधीच माणसं जोडायला हवीत.

ती जोडायची वेळ म्हणजे नोव्हेंबर. 11 तारखेला संत मार्टिनचा दिवस असतो. सुट्टी नसते, पण तुमच्या धाकट्याला नाताळाइतकाच हा दिवस आवडेल. बालवाडीत, म्हणजे इथल्या किटामध्ये, आधीपासून कंदील करायला घेतात. बऱ्याच ठिकाणी एका दुपारी पालकांनाही बोलावतात. पुठ्ठा, रंगीत झिरझिरीत कागद, गोंद, आणि बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आईबाप. तुम्ही दोघंही जा. जर्मन येत नसली तरी जा. शेजारचीला कागद धरून दिलात की बोलणं सुरू होतं. मग ठरलेल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मिरवणूक निघते. काठीच्या टोकाला कंदील, त्यात इवलासा दिवा, आणि पुष्कळ गावांत पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा कापून अर्धा दिला, ती गोष्ट मुलं करून दाखवतात. शेवटी शेकोटी पेटते, हातात गरम रसाचे पेले येतात आणि एरवी जेमतेम मान हलवणारे पालक तासभर गप्पा मारतात. आमची इथली घरोब्याची बहुतेक नाती अशाच शेकोटीभोवती जुळली.

पुढे डिसेंबर भराभर जातो. नाताळाआधीच्या चार रविवारी हिरव्या फांद्यांच्या चक्रावरची एकेक मेणबत्ती जास्त पेटवतात. 5 तारखेच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि 6 ला सकाळी त्यात संत निकोलाउसने ठेवलेला खाऊ सापडतो. हे तुमच्याही घरी करा, नाहीतर शाळेत पोरगी एकटी पडेल.

धर्माची काळजी मी समजू शकते. बऱ्याच बालवाड्या चर्चच्या संस्था चालवतात, तिथे जेवणाआधी प्रार्थना असू शकते. प्रवेश घेताना मोकळेपणाने विचारून घ्या. शाळेतल्या धर्माच्या तासाला मुलीला बसवायचं की नाही हे मात्र तुम्हीच ठरवायचं, तो हक्क राज्यघटनेने पालकांना दिलाय.

आता सुट्ट्या. देशभर लागू असणाऱ्या नऊ, बाकी राज्यागणिक वेगळ्या. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बारा आहेत, बर्लिनमध्ये दहाच. सुट्टी रविवारी आली तर ती गेली, बदली मिळत नाही. ईस्टर दरवर्षी सरकतो आणि त्याच्याबरोबर मे-जूनमधल्या सुट्ट्याही सरकतात. तुमच्या राज्यात त्यातल्या दोन नेहमी गुरुवारी येतात, मग शुक्रवारची रजा टाकून लोक चार दिवस पदरात पाडून घेतात. त्या शुक्रवारांसाठी जानेवारीतच अर्ज करा. आठवड्यात पाच दिवस काम असेल तर कायद्याने वर्षाला किमान वीस दिवस रजा मिळते, कंपन्या बहुधा त्याहून जास्त देतात. त्यातला एक दिवस दिवाळीसाठी आत्ताच राखून ठेवा. ईस्टरआधीचा शुक्रवार शोकाचा मानतात, त्या दिवशी घरी मोठ्याने गाणी लावू नका.

मुलीच्या शाळेबाबत मात्र कडक राहा. शाळेच्या दिवशी परवानगीविना मूल घरी ठेवलं तर दंड होऊ शकतो. सणासाठी रजा हवी असेल तर काही आठवडे आधी लेखी अर्ज द्या, सणाचं नाव आणि तारीख स्पष्ट लिहा. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेली कुटुंबं आता पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत आणि त्यांची मुलं ईदला अशीच सुट्टी घेतात, त्यामुळे शाळांना हे अर्ज नवीन नाहीत.

दिवाळीत फटाक्यांचा विचार सोडून द्या. मोठे फटाके खासगी माणसाला फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात. आकाशकंदील खिडकीत जरूर लावा. दिवाळी बहुतेकदा मार्टिनच्या मागेपुढेच येते, तेव्हा वर्गात पणत्या रंगवायचा कार्यक्रम करू का असं बाईंना विचारा. आमच्या किटाने लगेच हो म्हटलं होतं. पाहुणे येणार असतील तर जिन्यात चिठ्ठी लावा आणि रात्री दहानंतर आवाज कमी ठेवा. गणपती शाडूचा लहान आणा आणि विसर्जन घरीच बादलीत करा, नदीत नको.

शेवटी येण्याच्या तारखेबद्दल. डिसेंबरचं तिकीट स्वस्त असलं तरी घेऊ नका. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि नाताळापासून तुमच्या राज्यात 6 जानेवारीच्या सुट्टीपर्यंत कुठल्याही कचेरीत वेळ मिळणं कठीण. जमलं तर ऑगस्टअखेर या, म्हणजे सप्टेंबरात शाळा सुरू होताना मुलगी पहिल्या दिवसापासून वर्गात असेल. तिकीट काढण्याआधी तारीख कळवा. शाळेला द्यायच्या अर्जाचा जर्मन मसुदा माझ्याकडे आहे, तो पाठवते.