पूरग्रस्तांच्या छावणीत बाटलीबंद पाणी पोहोचूनही जुलाबाची साथ का पसरते?

आपला प्रश्न असा आहे की, बाटल्यांचे इतके ट्रक येऊनही छावण्यांमध्ये जुलाब का होतात आणि मदत करणाऱ्यांनी नेमके काय पाठवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा मिरज तालुक्यातील एका शाळेतल्या छावणीत मी पाण्याचे काम पाहत होते. त्या अनुभवावरून लिहिते.

बाटल्या पहिल्या एक-दोन दिवसांपुरत्याच उपयोगी पडतात. पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागते, असे मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी स्फिअर मानके सांगतात. आमच्याकडे सुमारे ३०० माणसे होती, म्हणजे रोजची गरज ४,५०० लिटरची. ती टँकरनेच भागते, आणि टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे पाणी जंतुमुक्त करणारी क्लोरीनयुक्त ब्लिचिंग पावडर, टाकावीच लागते. १,००० लिटर नितळ पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते, परंतु गढूळ पाण्यातला गाळच बराचसा क्लोरीन खाऊन टाकतो, आणि पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पावडर निकामी होत जाते. म्हणून आधी तुरटीने गाळ बसवावा, मग पावडर कालवून अर्धा तास थांबावे, आणि मापावर विसंबून न राहता ओटी चाचणी करावी; तिच्यात औषधाच्या थेंबाने पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते.

आमची चूक इथेच झाली. टँकरच्या तोटीखाली धरलेल्या नळीत औषधाचा थेंब पडताच पाणी पिवळे होई आणि आम्ही निश्चिंत होत असू. तिसऱ्या दिवशी लहान मुलांना जुलाब सुरू झाले, तेव्हा मी वर्गावर्गात जाऊन हंड्यांतले पाणी तपासले. एकाही नळीत पिवळा रंग उतरला नाही. रुंद तोंडाच्या हंड्यात प्रत्येक जण पेला बुडवत होता, पेल्याबरोबर बोटेही बुडत होती आणि उरलासुरला क्लोरीन त्यातच संपत होता. मलावीमधील मोझांबिकी निर्वासितांच्या छावणीत १९९० च्या दशकात झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या वाटल्या, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांमधील जुलाब जवळजवळ एक तृतीयांशाने घटले होते. आम्हीही झाकणे आणि ओगराळी मिळवली, आणि त्या दिवसापासून चाचणी टँकरपाशी न करता हंड्यापाशी करू लागलो. माणूस जे पाणी तोंडाला लावतो त्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे.

तरीही पाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड काम शौचालयांचे असते, आणि त्यासाठी देणगी मागितली की लोक संकोचतात. वीस माणसांमागे एक या हिशेबाने आम्हाला १५ शौचालये हवी होती. शाळेत होती चार, तीही मैदानाच्या टोकाला, अंधारात. एक आजी पाणीच घेत नव्हत्या. मी आग्रह केला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, रातच्याला जायची सोय न्हाई, म्हणून दुपारपास्नं पाणीच पीत न्हाई." बायकांसाठी वेगळी जागा, आतून लागणारी कडी आणि रात्रभर जळणारा दिवा नसेल, तर शुद्ध पाणी देऊनही ते प्यायले जात नाही, हे मला त्या आजींमुळे कळले.

खड्डे खणून भागेल असे वाटते, पण पुरानंतर नदीकाठच्या काळ्या रानात हातभर खाली पाणी लागते. १९९४ मध्ये तेव्हाच्या झैरेतील (आताच्या काँगोतील) गोमा येथे रवांडाच्या निर्वासितांपुढे उलटी अडचण होती: लाव्हाच्या कातळात खड्डेच खणता येत नव्हते, आणि पिण्यासाठी बहुतेकांना किवू सरोवराचेच पाणी होते. पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे दगावली, त्यांपैकी बहुतेक कॉलरा आणि रक्ती हगवणीने. अशा ठिकाणी फिरती शौचालये आणावी लागतात आणि मैला उपसणारी गाडी कधी येणार हे त्याच दिवशी ठरवावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती वापरण्याजोगी राहत नाहीत.

तेव्हा आपण काही पाठवणार असाल, तर तोटीचे पिंप, ओगराळी, साबण, सॅनिटरी पॅड आणि चार्जिंगचे दिवे पाठवावेत. आणि रोख रक्कम देणे शक्य असेल, तर ती शौचालये दिवसातून तीनदा धुणाऱ्या माणसांच्या मजुरीसाठी द्यावी.