थैली माझ्या हाती देत नाहीत

प्रश्न : आमच्या खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी कापणीच्या सणाच्या अर्पणातले १८,००० रुपये कुणाला न सांगता घेतले. परत ठेवायचेच होते, पण त्याआधी हिशेब निघाला. पैसे फेडले, भर उपासनेत उभं राहून क्षमा मागितली, पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याला अडीच वर्षं झाली. अजूनही अर्पणाची थैली माझ्यापाशी आली की माझ्या हाती न देता पलीकडच्याला देतात. मला खरंच क्षमा मिळाली आहे का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : भाऊ, देवाकडून क्षमा मिळाली का, असं विचारत असाल तर हो, मिळाली. पण तुम्हाला टोचते आहे ती थैली, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या कथेत, कोळशाचा विस्तव दोनदा पेटतो. मूळ ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात याच दोन जागी आहे. अठराव्या अध्यायात प्रमुख याजकाच्या अंगणात येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा असतो आणि पकडलेल्या येशूबद्दल ‘मी त्याचा शिष्य नाही’ म्हणतो. एकविसाव्यात तिबिर्या समुद्राच्या (गालील सरोवराच्या) काठी येशूने तसाच विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवलेली असते. तो आधी सगळ्यांना न्याहारी देतो. मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो. येशू त्याची चूक झाकून टाकत नाही, पण ‘पुन्हा असं करणार नाहीस ना’ असंही विचारत नाही. ‘माझी मेंढरं चार’ म्हणतो, म्हणजे आपल्या माणसांना सांभाळायचं काम देतो.

तुमच्या मंडळीने प्रार्थना केली, पण तुम्हाला काम दिलं नाही. माझ्या मते घोडं तिथेच अडलं आहे.

हे मी कुठल्या तोंडाने लिहितो तेही सांगतो. पाळक असताना गायनसंघातल्या एका भावाची दारू उघडकीस आली. त्याने रडून पश्चात्ताप केला, मी क्षमा जाहीर केली, आणि नंतर त्याच्या घरी एकदाही गेलो नाही. पुढे तो यायचा थांबला. पुन्हा गेलो ते थेट त्याच्या दफनविधीला. त्याच्या आईने मला बसायला खुर्ची दिली. ती खुर्ची मी विसरलेलो नाही.

तुम्ही मात्र तिजोरीची किल्ली परत मागू नका. ती कुणाही एकाच्या हाती नसावीच. यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत जमवताना प्रेषित पौलाने आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, कुणी बोट दाखवू नये म्हणून. मोजणीला तिघं बसले तर त्यात तुमचा अपमान नाही. दुसरं काम मागा. आजाऱ्यांच्या भेटी, शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) सतरंज्या, काहीही. आणि थैली फिरवणाऱ्या भावाला एकदा चहाला बोलवा आणि सरळ सांगा, ‘भाऊ, मला दुखतं.’ कदाचित तोही अवघडून हात आखडता घेत असेल.

तुमची हरकत नसेल तर तुमच्या पाळकसाहेबांना मी स्वतः पत्र लिहितो. पुलपिटावरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, थैली कुणाला चुकवून जाते ते दिसत नाही, मलाही दिसत नसे. त्यांचा पत्ता तेवढा कळवा.