सहा डब्बे लावले की गाडी चढतच नाही!

प्रश्न: खोलीभर मॉडेल रेल्वे करतोय, स्केल 1:87, थीम डोंगरातली गाडी. खालच्या आणि वरच्या स्टेशनात 30 सेंटीमीटरचा फरक आहे आणि मधे 4 मीटरचा सरळ चढ दिलाय. इंजिन एकटं जातं पण सहा डब्बे लावले की अर्ध्यात चाकं नुसती जागेवर फिरतात. स्वित्झर्लंडची खरी बर्निना लाइन दातेरी रुळाशिवाय (इंजिनाचं दातेरी चाक ज्यात अडकतं तो मधला रूळ) 7 टक्के चढते ना, मग माझी का नाही? इंजिनात वजन टाकू का? की दार्जिलिंगसारखं झिगझॅग करू?

उत्तर: अहो तुमचा चढ साडेसात टक्के झालाय! बर्निनावर 7 टक्के आहे हे खरं, पण तिथल्या गाड्यांना मोटर लावलेली चाकं भरपूर असतात आणि आपलं एकच इंजिन सहा डब्बे ओढणार. निलगिरीला 12.5 ला 1 म्हणजे 8 टक्के चढ आहे, तिथे तर दातेरी रूळ टाकावाच लागला. वजनाने थोडी पकड वाढेल पण मोटर तापेल, त्या भानगडीत पडू नका.

चढ अडीच टक्क्यांवर आणा. मग 12 मीटर रूळ लागणार, तेवढी सरळ भिंत कुणाच्या खोलीत असते, म्हणून तो गुंडाळायचा. बर्निनावरच ब्रुसिओला गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळाखालून जाते, त्या वळणाची त्रिज्या 70 मीटर, 1:87 मधे 80 सेंटीमीटर, म्हणजे अजिबात न आखडता बसतं! एका फेरीत 5 मीटर रूळ आणि साडेबारा सेंटीमीटर चढ, खालून गाडी आरामात निघते. उरलेलं डोंगराच्या पोटात लपवा, 60 सेंटीमीटर त्रिज्येच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी साधारण साडेनऊ सेंटीमीटर चढ. झाले की 30, वर थोडं जास्तच! (बर्निना मीटरगेज आहे, म्हणजे काटेकोर बघितलं तर दोन रुळांमधलं अंतर 12 मिलिमीटर हवं, नेहमीचे 16.5 वाले असतील तर जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.)

झिगझॅगला, म्हणजे गाडी एकदा पुढे एकदा मागे घेत चढवायला, जागा कमी लागते, पण एक टप्पा गाडी मागून ढकलावी लागते आणि हलके डब्बे वळणावर पटकन उतरतात, दोन-तीन डब्ब्यांना ठीक, सहाला नको.

आणि चढ एकदम सुरू करू नका, खाली-वर दोन्हीकडे हळूहळू वाकवा नाहीतर कपलिंग सुटतात. डोंगराला मागून हात जाईल एवढं भोक ठेवा, गाडी रुळावरून उतरते ती नेमकी आतच.