पाच एकर पडीक रान आहे, सोलर लावून काही सुटेल का?

तुम्ही विचारलंय की बीड जिल्ह्यात पाच एकर मुरमाड रान आहे, पाण्याची सोय नाही, मग सोलर कंपनीला भाड्याने द्यावं का स्वतः प्लांट टाकून वीज विकावी, आणि महिन्याला हातात किती पडतील. मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला. आमच्या चुलत भावाची माळाची जमीन सोलरला गेलीय आणि त्याची कागदं घेऊन तलाठ्यापासून रजिस्टर ऑफिसपर्यंत मीच फिरलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, एकर नंतर मोजा, आधी ३३/११ केव्हीचं सबस्टेशन, म्हणजे गावोगावी वीज वाटणारं महावितरणचं उपकेंद्र, किती लांब आहे ते बघा. लोकांना वाटतं ऊन पडतंय म्हणजे झालं, पण ऊन तर अख्ख्या मराठवाड्यात पडतंय ना भाऊ. तयार झालेली वीज लाईनने सबस्टेशनला न्यावी लागते, लाईन जेवढी लांब तेवढा खर्च, आणि मधे ज्यांच्या रानातून खांब जाणार त्यातल्या एकाने जरी आडवा पाय घातला तरी काम लटकतं. साधारण पाच किलोमीटरच्या आतली जमीनच धरतात. आणि जवळ असून पण भागत नाही, त्या सबस्टेशनला आधीच दुसऱ्या प्रोजेक्टचे मेगावॅट देऊन झाले असतील तर तुमच्या रानाला कोण विचारणार? हे एजंट सांगत नाही, महावितरणच्या ऑफिसात जाऊन इंजिनिअरलाच विचारायचं, फुकटात कळतं.

आता भाडं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, म्हणजे शेतीपंपांना दिवसा सोलरची वीज द्यायची राज्याची योजना, ती २०१७ ची, तिचा दुसरा टप्पा २०२३ ला आला, त्यात खाजगी जमिनीला हेक्टरी १,२५,००० रुपये वर्षाला आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरलाय. तुमचे पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, म्हणजे वर्षाला अडीच लाख, महिन्याचे वीस-एकवीस हजार. ज्या माळावर कुसळाशिवाय काही येत नाही तिथं हे पैसे चांगलेच आहेत, उगाच नाक मुरडू नका. पण करार पंचवीस वर्षांच्या पुढचा असतो आणि ३ टक्के वाढ महागाईला पुरत नाही, म्हणजे आज जे वीस हजार वाटतात ते तुमच्या पोराच्या काळात वीस हजारासारखे वाटणार नाहीत. म्हणून बागायत जमीन, विहिरीला पाणी असलेली, डाळिंब-ऊस निघणारी, ती अजिबात देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. अजून एक, शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण सोलरला दिलेल्या जमिनीचं भाडं शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ते इन्कम टॅक्सला दाखवावं लागतं.

खरा घोळ सातबाऱ्यावर होतो. आमच्या भावाचं सगळं जुळलं होतं, सबस्टेशन जवळ, जमीन सपाट, कंपनीची माणसं ड्रोन उडवून गेली, आणि मग निघालं की आजोबांच्या मागे वारसनोंदीत दोन आत्यांची नावं लागलेली आहेत, त्यातली एक वारलेली, तिची चार मुलं, एक नाशिकला, एक सुरतला. प्रत्येकाची सही पाहिजे. ज्यांनी कधी बांधावर पाय ठेवला नाही त्यांना पण अचानक मामाच्या गावाची आठवण यायला लागली. शेवटी कोणाला किती हिस्सा ते स्टॅम्पवर लिहून घेतलं तेव्हा गाडी पुढं सरकली. तुमचं खातं सामाईक असेल, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल, जमीन वर्ग दोनची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय देता न येणारी असेल, तर ते आधी मिटवा, कंपनी नंतर.

स्वतःचा प्लांट म्हणताय तर त्याचं पण गणित मांडतो. केंद्राची शेतकऱ्यांच्या सोलरसाठी कुसुम योजना आहे, तिच्या अ घटकात शेतकरी ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट टाकू शकतो. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे तुमचं रान बरोबर बसतं, पण खर्च ढोबळ चार कोटी धरा. वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट निघतात, दर तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस लाख. वाचून डोळे चमकले असतील. आता घरचे सव्वा कोटी घालून उरलेलं पावणेतीन कोटी कर्ज दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढलं तर हप्ताच वर्षाला पस्तीस-छत्तीस लाखाच्या घरात जातो, वर वॉचमन, इन्शुरन्स, पॅनल धुणं, गवत काढणं, इन्व्हर्टर बिघडला तर ते वेगळंच. उरतात पाच-सात लाख. त्यातले अडीच लाख तर काही न करता भाड्याने मिळत होते. म्हणजे सव्वा कोटी गुंतवून वरचे तीन-चार लाख. कर्ज फिटल्यावर मात्र मलई आहे, पण तोवर थांबायची ताकद ज्याच्याकडे आहे त्याचा तो धंदा, आपल्यासारख्याचा नाही, असं माझं मत.

सांभाळणं म्हणजे काय ते पण बघून या एकदा. आमच्याकडे सकाळी उजाडायच्या आत बायका लांब दांड्याचे मॉप घेऊन पॅनल धुवायला येतात, कारण काच तापल्यावर गार पाणी मारलं तर तडकायची भीती. रस्त्याकडच्या रांगांवर धुळीचा असा थर बसतो की बोटाने नाव लिहावं, आणि पाऊस झाला की खाली गवत पॅनलपर्यंत चढतं, मग मेंढरं सोडतात. धुवायला टँकर आणावा लागतो, दुष्काळी भागात हे विसरू नका.

सोलर पंपाबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या राज्याच्या योजनेतला पंप १० टक्के भरून मिळतो, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, पण तो ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडलेला नसतो, त्याची उरलेली वीज विकता येत नाही. विकायचं काम गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात झालंय, तिथं शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली आणि पंपाला लागून उरलेली वीज ग्रीडला विकली. सहा जणांनी सुरुवात केली होती. आपल्याकडे साखर कारखाने, दूधसंघ सगळं सहकारात झालं, हे का होत नाही हा मला पडलेला प्रश्न, असो.

शेतातल्या घरावर बसवायचं असेल तर पीएम सूर्यघर ही केंद्राची छतावरच्या सोलरची योजना बघा, ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, पण मीटर घरगुती पाहिजे, शेतीपंपाच्या कनेक्शनवर चालत नाही. त्यातून बिल वाचतं, कमाई म्हणावी असं काही नाही.

आणि रजिस्ट्रेशन फी, सर्वे फी, एनओसी चार्ज असं काहीही आधी मागणारा आला तर चहा पाजून वाटेला लावा, कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाईट भरपूर आहेत, खुद्द केंद्राच्या मंत्रालयाने त्याबद्दल कितीतरी वेळा सावध केलंय. काही जण नुसता ‘प्राथमिक करार’ करून जमीन अडकवून ठेवतात आणि पुढं दुसऱ्याला विकतात. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: ठरलेल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द, भाडं थकलं तर काय, आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये कोण उपटणार. ही शेवटची ओळ आमच्या ड्राफ्टमध्ये नव्हतीच, वकिलाने घालायला लावली, त्यावर कंपनीवाला जरा कुरकुरला पण घातली त्याने.